घर सोडतांना झाडांची नोंद

शेतकऱ्यानें विहीर कोठें खणावी, घर कसें बांधावें, फळझाडें केव्हां लावावीं, यांविषयीं आपल्या मासिकांतून वेळोवेळीं माहिती येते. परंतु लाविलेलीं झाडें व राहतें घर सोडून जाण्याचा प्रसंग आला असतां गृहस्थानें काय करावें, याविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखकावर हा प्रसंग गेल्या वर्षीं आला. त्या वेळीं जें सुचलें, जें साधलें व जें साधलें नाहीं, तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर गांवाच्या पूर्वेस ओढ्याच्या कांठीं होतें. भोंवतीं १० गुंठे बाग व तींत वडिलांनीं खणलेला आड. नारळ दोन, लिंबें तीन, पेरू, डाळिंब, बांधावर सीताफळ, न्हाणीच्या पाण्यावर केळी व अळू, आणि तुळशीवृंदावनापाशीं पारिजातक व मोगरा. या सर्वांच्या मधोमध आजोबांनीं कोय लावून वाढविलेला एक रायवळ आंबा होता. गर पांढुरका व चव ओल्या खोबऱ्यासारखी, म्हणून सारा गांव त्यास 'खोबऱ्या' म्हणे. मृगाच्या तोंडावर तो पिके, आणि पहिली पाटी कोणाच्या घरीं जावयाची याचा क्रम ठरलेला असे.

मुलगा नाशिकास स्थायिक झाला. माझी महसूल खात्यांतील कारकुनी संपली. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांस आडाचें पाणी ओढणें सोसेना. उभयतांनीं वर्षभर विचार केला, आणि अक्षय्यतृतीयेस घर व बाग शेजारच्या शेतकऱ्यास देण्याचें ठरविलें; ताबा दिवाळीनंतर द्यावयाचा होता. गृहस्थ कष्टाळू व सरळ. इसार देतांनाच ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्याशीं खोटें बोलणार नाहीं. आंब्याच्या सावलीनें माझें चार गुंठे पीक जाईल. दोन-तीन वर्षांत तो मला काढावा लागेल."

यावर मला बोलण्यास जागा नव्हती. सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें, खरेदीखतांत वेगळा उल्लेख नसेल तर जमिनीबरोबर तिच्यांत रुजलेलीं झाडेंहि घेणाऱ्याकडे जातात. ही गोष्ट मीं स्वतः कित्येकांस समजावून सांगितली होती. वेगळी अट घालावी तर किंमत उतरली असती, आणि ती रक्कम मुलाच्या घराच्या कर्जास हवी होती. मीं अट घातली नाहीं. हा दोष माझा आहे, घेणाऱ्याचा नाहीं.

त्या रात्रीं मला सन १९९६ मधील एक प्रसंग आठवला. एका लहान तलावाच्या बुडीत क्षेत्रांतील झाडांचा पंचनामा करण्यास आम्ही गेलों होतों. गट क्रमांक, झाडाचा प्रकार, बुंध्याचा घेर, अंदाजें वय, फळ देतें कीं नाहीं, असे रकाने मी भरीत होतों. एका चिंचेपाशीं एक वृद्ध बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावसाहेब, हिचं नांव गोडी हाय. तेवढं लिवा कीं." मीं सांगितलें, "आजी, नांवाचा रकाना नाहीं." त्यांनीं पुन्हा विचारलें नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत तलाव भरला.

त्या काळीं सन १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता व बाजारभावावर शेंकडा ३० दिलासा रक्कम मिळे. त्याच्या जागीं सन २०१३ चा कायदा आला. तो १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत असून त्यांत दिलासा रक्कम शेंकडा १०० आहे. रक्कम वाढली हें योग्यच झालें. परंतु त्या बाईंनीं रक्कम वाढवा असें म्हटलेंच नव्हतें. आतां माझ्याच झाडाची पाळी आली, तेव्हां त्या काय मागत होत्या हें मला कळलें.

इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील पळसनाथाचें जुनें देऊळ पुष्कळांनीं पाहिलें असेल. उजनी धरण सन १९८० मध्यें पूर्ण झालें व तें देऊळ जलाशयांत गेलें. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे तें उघडें पडतें व लोक दर्शनास जातात. पाषाण पाण्याखालीं टिकतो. झाड टिकत नाहीं. म्हणून झाडाची सोय तें उभें आहे तोंपर्यंतच केली पाहिजे.

मीं दोन कामें हातीं घेतलीं. पहिलें कलमांचें. रायवळ आंबा कोयीपासून मूळ झाडासारखाच निघेल असा भरंवसा नसतो. खोबऱ्या ह्या जगांत एकच होता, आणि तो राखावयाचा तर त्याचें कलम करणें हाच मार्ग होता. ज्येष्ठांत कोणत्याहि गांवठी आंब्याच्या ताज्या ६० कोयी पिशव्यांतून लाविल्या. रोपें १० ते १५ दिवसांचीं होऊन पानें तांबूस असतांनाच कोय कलम बांधावें लागतें. कलमकाडी पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार महिने वयाची व शेंड्याचा डोळा फुगलेली असावी. तिचीं पानें ८ ते १० दिवस आधीं देठ राखून कापून टाकावीं. काडीस पाचरीसारखा काप देऊन ती रोपाच्या चिरलेल्या खोडांत बसवावी, प्लॅस्टिकच्या पट्टीनें घट्ट बांधावी व पिशवी सावलींत ठेवावी. साधारण तीन आठवड्यांत डोळा फुटतो. माझा हात सरावाचा नव्हता. ६० पैकीं २१ कलमें जगलीं.

पेरू व डाळिंब यांच्या फांद्यांस पावसाळ्यांत गुटी बांधली. मोगऱ्याची फांदी जमिनींत दाबली. कढीपत्त्याच्या मुळाशीं आलेले फुटवे काढले, हळद व अळूचे कंद घेतले. जुनें झाड मुळासकट उपटून नेण्याचा मोह कोणीहि धरूं नये. तें बहुधा येथेंहि जातें व तेथेंहि जातें.

दुसरें काम वहीचें. जन्मभर सरकारी नमुने भरले. आतां स्वतःचा नमुना आंखला. झाड, त्याचें नांव, कोणीं लाविलें, केव्हां फळतें, पाणी किती लागतें, खोड कोणती, आणि शेरा. कोणतें लिंबू उन्हाळ्यांत आधीं मान टाकतें, आडाचें पाणी चैत्रांत किती खालीं जातें, पन्हळ कोठें गळते, मुंग्यांचें वारूळ कोणत्या कोपऱ्यांत आहे, सर्व लिहिलें. खोबऱ्याच्या शेऱ्यांत पहिल्या पाटीचा क्रम घरवार मांडला. वाचकांस माझी विनंती आहे कीं, घर विकावयाचें असो वा नसो, अशी वही प्रत्येक बागाइतदारानें ठेवावी. ही माहिती एका माणसाच्या डोक्यांतच असते व त्याच्याबरोबर जाते.

दिवाळी झाली. १८ कलमें पाटीच्या क्रमानें घरोघर पोंचविलीं, दोन शाळेच्या आवारांत लाविलीं. एक उरलें. तें नाशिकास न्यावें असें सौभाग्यवतींस फार वाटत होतें. पण मुलाच्या घरीं चार कुंड्यांपुरती गच्ची. आंबा तेथें सुखानें वाढला नसता. इतक्यांत घेणारे गृहस्थ वही घेण्यास आले. त्यांनीं ती उभ्यानेंच वाचली व म्हणाले, "भाऊसाहेब, एक कलम मला द्या. उत्तरेच्या बांधावर लावतों. तेथें सावली पिकावर न येतां रस्त्यावर जाईल." तें कलम त्यांना दिलें. मोगरा, कढीपत्ता व तुळशीच्या मंजिऱ्या एवढेंच आमच्याबरोबर गेलें.

निघण्याच्या दिवशीं सौभाग्यवतींनीं घर झाडून सारवून दिलें, वृंदावनापुढें रांगोळी काढली व गुडघे दुखत असतांहि आडाची शेवटची घागर ओढून आंब्याच्या बुंध्याशीं ओतली. मी त्यांना आडविलें नाहीं. किल्ली देतांना माझा हात थोडा थांबला, हें कबूल केलें पाहिजे.

यंदाच्या मृगांत त्या गृहस्थांचा फोन आला. खोबऱ्या अद्याप उभा आहे व चांगला आला आहे. ते म्हणाले, "वहींत सगळ्यांचा क्रम आहे, पण तुमचें नांव नाहीं. कितवें लिहूं?" मीं शेवटचें लिहिण्यास सांगितलें. आठ दिवसांनीं गांवच्या एस.टी.तून एक पेटी आली.

पुढच्या वर्षीं तो असेल किंवा नसेल. तें आतां माझ्या हातीं नाहीं. परंतु त्याचीं २१ कलमें गांवांत लागलीं आहेत. वाचकांपैकीं ज्यांच्या बांधावर असें एकुलतें एक रायवळ झाड असेल, त्यांनीं घर सोडण्याची वेळ येईपर्यंत थांबूं नये. येत्या पावसाळ्यांत त्याचीं चार कलमें करून चार घरीं द्यावीं, आणि देतांना झाडाचें नांव सांगण्यास विसरूं नये.