‘पब्लिक’, ‘सार्वजनिक’ व ‘खाजगी’ : उपनगरातील शाळांच्या वर्गीकरणाचा शब्दविचार

मुंबईच्या उपनगरांतील शाळांचे ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ असे दोन वर्ग सामान्यतः कल्पिले जातात. विलेपार्ल्यासारख्या वस्तीत ही विभागणी टिकत नाही. तेथे महापालिकेच्या शाळा आहेत, शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या शाळा आहेत, आणि केवळ शुल्कावर चालणाऱ्या विनाअनुदानित शाळाही आहेत. यांपैकी मधला वर्ग कोणत्या बाजूस घालावयाचा, हा प्रश्न वरवर शब्दांचा वाटतो. पण त्यावर मुलांचे प्रवेश अवलंबून असतात.

पार्ले टिळक विद्यालय १९२१ साली लोकमान्यांच्या स्मरणार्थ निघाले, तेव्हा पार्ले हे मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे गाव होते. शहरात त्याचा समावेश १९५० मध्ये झाला. गावकऱ्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अशा संस्थेस मराठीत ‘सार्वजनिक’ हेच विशेषण शोभते. कारण या शब्दाचा रूढ अर्थ सरकारी असा नव्हेच. १८७० मध्ये स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा लोकांची होती, सरकारची नव्हती. उलट ‘खाजगी’ किंवा ‘खासगी’ हा शब्द ‘खास’ या अरबी मुळाशी जोडला जातो, आणि होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ म्हणजे राज्याचा वसूल व ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न, असा भेद होता. लोकवर्गणीच्या शाळेला ‘खाजगी’ म्हणणे या पार्श्वभूमीवर विपरीतच होय.

कायद्याने मात्र तेच केले. सेवाशर्तींविषयीचा १९७७ चा अधिनियम अनुदानित शाळांनाही ‘खाजगी शाळा’ या संज्ञेखाली घेतो. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांवर पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देण्याचे बंधन घातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत शासकीय अथवा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित शाळेस या बंधनातून सूट. म्हणजे शिक्षकांच्या सेवाशर्तींसाठी जी शाळा खाजगी, तीच येथे शासकीय शाळेच्या पंक्तीस बसविली गेली! दाट वस्तीच्या उपनगरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसणे विरळाच. तेव्हा सवलतीने मूळ तरतुदीचा बहुतांश गिळलाच असता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ही दुरुस्ती रद्द ठरविली.

‘पब्लिक स्कूल’ या संज्ञेचा प्रवास याहून चमत्कारिक आहे. १४४० साली स्थापन झालेली ईटन ही शाळा मुळात सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी होती. गाव वा पंथ न पाहता कोणासही खुली, या अर्थी इंग्लंडात अशा शाळा ‘पब्लिक’ ठरल्या. कालांतराने त्या धनिकांच्या झाल्या, नाव तेवढे राहिले. १९३५ मध्ये सुरू झालेल्या डेहराडूनच्या डून स्कूलने तो नमुना भारतात रुजविला, आणि आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे महागडी शाळा असा अर्थ स्थिरावला. मुंबई महापालिकेने अलीकडे आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव दिले. व्युत्पत्तीने ते निर्दोष आहे; परंतु पालकाच्या कानी पडतो तो शब्दार्थ नव्हे, डूनची प्रतिष्ठा. महापालिका आठ माध्यमांतून शिकविते, त्यात मराठी आहे, उर्दू आहे, तमिळ आहे; आणि इंग्रजी नावाची ही पाटी मराठी माध्यमाच्या शाळेवरही लागली आहे.