परदेशी विद्यापीठाचा अर्ज आणि घरचा हिशेब

परदेशी विद्यापीठात शिकावयास जाणे ही एके काळी संस्थानिकांच्या, बॅरिस्टरांच्या आणि पेढीवाल्यांच्या घरची गोष्ट समजली जात असे. आज तशी स्थिती नाही. कारखान्यात, एस.टी.च्या आगारात, नगरपालिकेच्या कामावर ज्यांची हयात गेली, त्यांची मुलेही पदवीधर झाली आहेत आणि त्यांतील काही बाहेर जाण्याचा विचार घरी बोलून दाखवितात. अशा वेळी घरात दोन तऱ्हेचे उद्गार निघतात. कोणी म्हणतो, "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे." कोणी म्हणतो, "घर गहाण टाकू, पण पाठवू." आमच्या मते या दोघांमध्ये फारसे अंतर नाही. अटी दोघांनीही वाचलेल्या नसतात.

आम्ही स्वतः कॉलेजात शिकलेलो नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, वेतनकरारांचे मसुदे वाचता वाचता झाले. त्या शिक्षणाने एक सवय लावली : कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. मिळणार काय? द्यावयाचे काय? मुदत किती? आणि करार मोडला तर भार कोणावर? परदेशी विद्यापीठाचा अर्ज हाही करारच होय. तो विद्यापीठाशी, परक्या सरकारशी, बँकेशी आणि घरच्या माणसांशी एकाच वेळी होत असतो. म्हणून हेच चार प्रश्न तेथेही लागू पडतात.

मुदतीचे महत्त्व समजण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहावे. १९१३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या बदल्यात बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. पुढे ते लंडनला शिकू लागले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. येताना मात्र त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, असा पैसा जमवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. एवढ्या बुद्धिमान पुरुषालाही पैसा आणि मुदत यांचा हिशेब चुकला नाही. मग आपल्या मुलांना तो कसा चुकेल?

सर्व देशांचे नियम एका व्याख्यानात सांगता येणार नाहीत, म्हणून जर्मनी हा एकच देश घेऊ, आणि तोही पदवीनंतरच्या शिक्षणापुरता. त्याचे कारण असे की, तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणाची फी घेत नाहीत. दर सहामाहीला किरकोळ वर्गणी घेतात. याला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना फी लावली आहे. खाजगी विद्यापीठांची फी तर वेगळीच. म्हणून "जर्मनीत शिक्षण फुकट" हे ऐकीव वाक्य पुरेसे नाही. कोणते विद्यापीठ, कोणता प्रांत, हे विचारले पाहिजे.

फी नसली तरी पोट आहेच. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या निर्वाहाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात आधी भरून दाखविण्याचा मार्ग बहुतेक विद्यार्थी धरतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. अर्जाच्या वेळी आकडा पुन्हा पाहून घ्यावा. सोयीसाठी युरोचा भाव १०० रुपये धरला तरी हे जवळजवळ बारा लाख रुपये होतात. हा पैसा बुडत नाही. तो महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे विद्यार्थ्यालाच परत मिळतो. परंतु त्यातून खोलीचे भाडे, जेवण आणि दीडशे युरोंच्या आसपास आरोग्यविमा भागवावा लागतो. म्युनिकमध्ये खोली महाग, लाइपझिगसारख्या शहरात त्या मानाने स्वस्त. तेव्हा विद्यापीठाच्या नावाबरोबर गावाचे भाडेही पाहावे.

"तेथे काम करून खर्च भागेल," असे पुष्कळ जण सांगतात. येथेही कायदा पाहावा. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो झाले असून विद्यार्थ्याच्या नोकरीलाही ते लागू आहे. कमी देणारा मालक कायदा मोडतो, हे मुलाने जाण्यापूर्वीच समजून घ्यावे. तरीही पहिल्या दिवसापासून काम मिळेल असे धरून हिशेब मांडू नये. शिकविण्याची भाषा इंग्रजी असली तरी दुकानात आणि कारखान्यात जर्मनच चालते. ती भाषा पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात शिकता येते. पदवीनंतर काम शोधण्यासाठी तेथे अठरा महिने राहण्याची सोय आहे. त्या वेळीही हीच भाषा उपयोगी पडेल.

आता तारखांकडे वळू. तारखा नेहमी शेवटाकडून मागे मोजाव्यात. हिवाळी सहामाही १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी व्हिसा हवा, आणि त्याच्या मुलाखतीसाठी बराच काळ थांबावे लागते. व्हिसासाठी प्रवेशपत्र हवे. अर्जाची शेवटची तारीख अनेक ठिकाणी १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती पुष्कळदा काही महिने अलीकडे असते. त्याशिवाय भारतीय विद्यार्थ्याला नोव्हेंबर २०२२ पासून ए.पी.एस. या कचेरीकडून आपली प्रमाणपत्रे तपासून घ्यावी लागतात. त्याच्याही आधी पासपोर्ट, गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती, प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा. या परीक्षेचा निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरतात. इतके मागे मोजल्यावर असे दिसते की, ज्याला एका ऑक्टोबरात वर्गात बसावयाचे आहे त्याने त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कामाला लागले पाहिजे.

राहिला पैशाचा प्रश्न. आधी शिष्यवृत्त्या पाहाव्यात. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर वर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. जागा थोड्या असतात हे खरे; परंतु शेतमजुराच्या घरी या योजनेची बातमीच पोहोचत नाही, हेही तितकेच खरे.

कर्ज काढणे भागच पडले, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नसतो म्हणजे व्याज नसते असे नव्हे. समजा, वीस लाख रुपये एकदम उचलले आणि दर शेकडा दहा पडला. वर्षाचे व्याज दोन लाख, आणि तीन वर्षे कोणी काही भरले नाही तर सहा लाख. बापाची निवृत्ती आणि मुलाचा पहिला हप्ता एकाच वर्षी येत असतील तर ते आधी दिसले पाहिजे. भविष्यनिर्वाह निधी हा म्हाताऱ्या माणसांच्या भाकरीचा पैसा आहे. त्याला हात लावावयाचा की नाही, हे घरातील बाईमाणसांसह सर्वांनी बसून ठरवावे.

शेवटी एजंटांविषयी. अनेक देशांतील विद्यापीठे विद्यार्थी आणून देणाऱ्याला दलाली देतात. दलाली घेणे हा गुन्हा नाही. परंतु ज्याच्याकडून माणसाला पैसे मिळतात त्याच्या बाजूने तो बोलतो, हे आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर पुष्कळदा पाहिले आहे. २०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची, मुख्यतः पंजाबातील मुलांची, प्रवेशपत्रे बनावट असल्याचा प्रकार गाजला. एजंटाने दिलेला कागद खरा समजून गेलेल्या अनेकांना तेथे शिकून, नोकरीला लागल्यावर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ आली. पुढे त्या सरकारने निरपराध विद्यार्थ्यांची स्वतंत्र तपासणी सुरू केली. म्हणून अर्ज मुलाने स्वतःच्या हाताने भरावा, स्वतःच्या पत्त्यावरून पाठवावा आणि प्रवेशपत्राची खात्री थेट विद्यापीठाकडे करून घ्यावी.

एवढे सर्व पाहिल्यावर कोणी म्हणेल, हे फार किचकट आहे. किचकट आहेच, पण वेतनकरारही किचकट असतो आणि चौथी शिकलेला कामगार तो समजून घेतो. एका संध्याकाळी घरच्या मंडळींनी कागद घेऊन बसावे. एका बाजूला तारखा लिहाव्यात, दुसऱ्या बाजूला रकमा, आणि त्यांच्याखाली मुलगा वा मुलगी नापास झाली, आजारी पडली किंवा नोकरी उशिरा लागली तर काय करावयाचे, तेही लिहावे. हिशेब जुळला तर निःशंक मनाने अर्ज करावा. न जुळला तर एक वर्ष थांबून भाषा शिकावी, चार पैसे जमवावेत आणि पुन्हा मांडावा. पोरगी हुशार आहे आणि बाप कामगार आहे, एवढ्यावरून मात्र अर्ज फाडू नये.