संशोधकांचा ताण: हेल्पलाइनच्या पुढे

सातारा-सांगलीहून स्वारगेटला एसटीतून उतरणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला १४४१६ हा क्रमांक पाठ हवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा हा क्रमांक; तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं. पण तेवढ्याने विद्यापीठांची जबाबदारी संपत नाही. २०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आलेल्या पाहणीत २६ देशांतल्या २,२७९ जणांपैकी, म्हणजे मुख्यतः पीएचडी करणाऱ्यांपैकी, ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं दिसली, त्यांतल्या अनेकांना मार्गदर्शकांचा आधार वाटत नव्हता. ताण असलेलेच अशा पाहणीला उत्तरं देतात, हा आक्षेप रास्त आहे. टक्केवारी निम्मी धरली तरी पाचातला एक जण उरतोच.

संशोधन म्हटलं की ताण आलाच, असंही म्हणतात. प्रयोग फसल्याचा ताण मान्य. पण महिनोन्‌महिने न वाचलेला मसुदा आणि रखडलेली फेलोशिप हा काही संशोधनाचा भाग नव्हे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. पण नुसती नेमणूक पुरेशी नाही. समुपदेशकाशी झालेलं बोलणं विभागापर्यंत जाणार नाही, आणि गरज पडल्यास मार्गदर्शक बदलून मिळेल, हे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच लेखी मिळायला हवं.