भोगवटा प्रमाणपत्रापासून दिल्लीपर्यंत

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोग हा देशातील ग्राहक न्यायव्यवस्थेचा सर्वांत वरचा टप्पा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १९८८ मध्ये तो दिल्लीत स्थापन झाला. जुलै २०२० पासून त्याचे कामकाज २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे चालते. त्याच्या खाली राज्य आयोग आणि जिल्हा आयोग आहेत. मीरा-भाईंदरच्या ग्राहकाची पहिली पायरी बहुधा ठाण्याचा जिल्हा आयोग असते.

तक्रार कोणत्या आयोगाकडे जाईल हे आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक किंमत असेल तर राष्ट्रीय आयोग. मीरा रोडला ४५ लाखांत घेतलेल्या सदनिकेची तक्रार त्यामुळे ठाण्यातच दाखल होते. साठ लाखांची असेल तर राज्य आयोगाकडे. अशा घरमालकाचा दिल्लीशी संबंध येतो तो अपिलात. राज्य आयोगाने मूळ तक्रारीवर दिलेल्या निकालाविरुद्ध ३० दिवसांत राष्ट्रीय आयोगाकडे जाता येते. मात्र ज्याला पैसे देण्याचा आदेश झाला आहे त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. निव्वळ वेळ काढण्यासाठी केलेल्या अपिलांना या अटीने चांगलाच आळा बसतो. जिल्हा आयोगातून सुरू झालेले प्रकरण राज्य आयोगातील अपिलानंतर दिल्लीला पोहोचते, पण तेथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दुसरे अपील ऐकले जाते.

ताबा मिळाला पण ओसी नाही, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र नाही, ही गृहनिर्माण सोसायट्यांची जुनी व्यथा. महाराष्ट्रातील समृद्धी गृहनिर्माण संस्थेचा खटला याच प्रश्नावर होता. १९९७ मध्ये सभासदांना ताबा मिळाला. प्रमाणपत्राअभावी त्यांना घरपट्टी २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. संस्थेने १९९८ मध्ये तक्रार केली. २०१४ मध्ये चार महिन्यांत प्रमाणपत्र मिळवण्याचा आदेश झाला, तरी ते आले नाही. मग संस्थेने जादा भरलेल्या पैशांसाठी राष्ट्रीय आयोगाकडे धाव घेतली. आयोगाने २०१८ मध्ये तक्रार फेटाळली: मुदत उलटली आहे, आणि जादा कर पालिकेने आकारला असल्याने हा ग्राहक वाद नाही, असे कारण दिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी तो निकाल रद्द केला. प्रमाणपत्र मिळवून देणे ही मोफा या राज्याच्या सदनिका मालकीविषयक कायद्यानुसार बिल्डरची जबाबदारी आहे. ती पार पडेपर्यंत चूक रोज चालूच राहते, म्हणून दोन वर्षांची मुदत येथे आड येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. इतक्या वर्षांनी मिळालेला हा दिलासा ओसीविना राहणाऱ्या प्रत्येक सोसायटीच्या कामाचा आहे.

एकतर्फी करारनाम्यांबाबत मात्र खुद्द राष्ट्रीय आयोगाचीच भूमिका ठाम राहिली. गुरुग्राममधील एका प्रकल्पात हप्ता उशिरा भरणाऱ्या ग्राहकाकडून १८ टक्के व्याज घेण्याची तरतूद होती, पण करार मोडल्यास त्याला परताव्यावर मिळणार होते अवघे ९ टक्के. आयोगाने पैसे १०.७ टक्के व्याजासह परत करायला लावले आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ते कायम केले. सही केली म्हणून ग्राहक अशा अटींना बांधील राहत नाही. २०१९ च्या कायद्यात अन्याय्य कराराविरुद्ध तक्रारीची वेगळी तरतूद आहे, आणि ती राज्य व राष्ट्रीय आयोगांकडे करता येते. महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा मार्ग खुला असला तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हेही २०२० मध्ये स्पष्ट झाले आहे.

आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, आणि वकील नेमलाच पाहिजे असे नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार एवढी कागदपत्रे मात्र जपून ठेवावी लागतात.