कागदावरच्या ठिपक्यांचा हिशेब

चंद्रपूरजवळच्या बल्लारपूरमध्ये वाढलेल्या माणसाला कागद म्हटलं की आधी बांबू आठवतो. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची पेपर मिल, जंगलातून बांबू लादून येणारे ट्रक आणि वारा फिरला की घरात शिरणारा लगद्याचा उग्र वास, यातच आमचं बालपण गेलं. नोकरी मात्र मी रद्दीपासून कागद करणाऱ्या एका कारखान्यात केली, तीही प्रयोगशाळेत. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला आपला बांबू आपण विकण्याचा हक्क हाती आला, याचं मला फार मोल वाटतं. गावाच्या हक्काचा बांबू गिरण्यांना पूर्वीसारखा स्वस्त मिळू नये. म्हणूनच रद्दीचा कागद चांगला झाला पाहिजे, आणि तो चांगला आहे हे दाखवताही आलं पाहिजे.

गिऱ्हाईक कागद उजेडात धरतं आणि ‘मळकट आहे’ म्हणतं. मळकट म्हणजे किती? बांबूच्या कागदातही घाण असते. नीट न शिजलेल्या पेरांच्या लांबुडक्या काड्या त्यात दिसतात. रद्दीची घाण निराळी: छपाईची शाई, फोटोकॉपीचा टोनर, प्लॅस्टिकचे तुकडे, पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा आणि सेलोटेपचा गोंद. पल्परमध्ये रद्दी पाण्यात घुसळून कॉस्टिक सोडा आणि साबण घालतात, मग टाकीतून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि काळा फेस काढून टाकला जातो. टोनर इतक्या सहज जात नाही. तो मुळात प्लॅस्टिकच, उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेला. त्याचे पापुद्रे सुटतात, त्यातले मोठे बुडबुड्यांना उचलवत नाहीत आणि तयार कागदावर काळे ठिपके म्हणून उरतात.

हे ठिपके आम्ही डोळ्यांनी मोजत असू. अमेरिकेतल्या ‘टॅपी’ या संस्थेचा एक पारदर्शक तक्ता असतो, त्यावर वेगवेगळ्या क्षेत्रफळांचे काळे ठिपके छापलेले. कागदावरच्या ठिपक्याशेजारी तक्ता धरायचा, जुळणारा आकार शोधायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. एक चौरस मीटर कागदात एक चौरस मिलिमीटर घाण म्हणजे एक पीपीएम. पद्धत प्रामाणिक, पण डोळा थकतो. एकाच रोलचा दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा आकडा जुळत नसे, आणि त्यावरून माणसामाणसांत कटुता येई.

साध्या फ्लॅटबेड स्कॅनरने हे भांडण बरंचसं मिटतं. ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० बिंदू धरले तर, चित्रातल्या एका बिंदूची बाजू साधारण ०.०४२ मिलिमीटर येते. जुन्या पद्धतीत ०.०४ चौरस मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका सहसा धरत नाहीत. तेवढा ठिपका इथे सुमारे २२ बिंदूंचा होतो, म्हणजे नीट मोजता येतो. ३०० डीपीआयवर तोच पाच-सहा बिंदूंत आटोपतो आणि त्याची कड कुठे संपते हे कळत नाही. पुढचं काम संगणकाचं. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर ठरवलेल्या मर्यादेहून गडद बिंदू वेगळे काढतं आणि प्रत्येक ठिपक्याचं क्षेत्रफळ सांगतं. ए-४ कागदावर एकूण ३ चौरस मिलिमीटर घाण सापडली, तर हिशेब सुमारे ४८ पीपीएमचा.

बारकावे मात्र सांभाळायला हवेत. स्कॅनरचा उजेड आणि धार आपोआप सुधारण्याची सोय बंद ठेवायची, नाहीतर यंत्रच कागद गोरा करून दाखवतं. चित्र जेपेगमध्ये साठवायचं नाही, त्यात ठिपक्यांच्या कडा विस्कटतात. पातळ कागदामागे त्याच कागदाचा गठ्ठा ठेवायचा. काचेवरची धूळ ओळखायला कागद फिरवून पुन्हा स्कॅन करायचा. जो ठिपका चित्रात जागचा हलत नाही तो काचेचा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात धूळ किती असते ते वेगळं सांगायला नको.

गडदपणाची मर्यादा हा सगळ्यात अवघड भाग. करड्या कागदावरचा फिकट ठिपका डोळ्याला फारसा खुपत नाही, पांढऱ्यावरचा लहानसा काळा लगेच खुपतो. म्हणून टॅपीच्या पद्धतीत ठिपक्याचं नुसतं क्षेत्रफळ धरत नाहीत. पांढऱ्यावरचा केवढा काळा ठिपका डोळ्याला तेवढाच जाणवेल, ते क्षेत्रफळ धरतात. मर्यादा जराशी सरकवली की तोच कागद स्वच्छ ठरतो किंवा घाण.

काही घाण स्कॅनरला दिसतच नाही. अगदी बारीक शाई ठिपका न होता सगळा कागद करडा करते, ती अवरक्त प्रकाशाने मोजावी लागते. गोंद तर अनेकदा पारदर्शक. कागदयंत्राच्या जाळीला (वायरला), फेल्टला, ड्रायरला तो चिकटतो, कागदाला भोकं पाडतो, कागद तुटतो. त्याच्यासाठी लगदा बारीक फटींच्या चाळणीतून काढतात, चाळणीवर उरलेलं गाळणकागदावर घेऊन काळ्या शाईने रंगवतात आणि वर पांढरी पूड दाबतात. पूड गोंदालाच धरते, आणि मग स्कॅनरला काळ्यावर पांढरे ठिपके दिसतात. ही युक्ती मला फार आवडते.

छोट्या कारखानदारांना माझं एकच सांगणं असतं. खरेदीच्या करारात नुसतं ‘५० पीपीएमपर्यंत’ लिहून घेऊ नका. किती डीपीआय, केवढ्या ठिपक्यापासून मोजायचं, गडदपणाची मर्यादा कोणती आणि कागदाच्या किती बाजू, हे सगळं त्याच ओळीत लिहा. तपासलेले कागद दोघांच्या सह्या घेऊन जपून ठेवा.