उभी मोरी

नांदगाव खंडेश्वर हे अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या वाटेवरील तालुक्याचे गाव. हेमाडपंती धाटणीच्या खंडेश्वर मंदिरामुळे ते वऱ्हाडात सुपरिचित आहे. शंकराच्या जुन्या देवळांतून पिंडीवरील पाणी बाहेर नेणारी प्रनाळ दगडातच कोरलेली आढळते. ती मागाहून सुचलेली गोष्ट नव्हे. आपल्या घरांतून स्वयंपाकघर नवे करताना मात्र आधी कपाटाचा रंग ठरतो, मग सिंकची चकाकी पारखली जाते, आणि पाणी कोणत्या वाटेने जाणार हा विचार गवंडी दारात येऊन उभा राहिल्यावर होतो. हा क्रम बदलावयास हवा.

सिंक म्हणजे उभ्याने वापरावयाची मोरीच होय. जुन्या मोरीवर बसून भांडी घासता घासता कित्येक सासवांचे गुडघे कामातून गेले, हे खरे. परंतु त्या मोरीचे दोन गुण विसरू नयेत. तिचे पाणी परसातील अळू-केळींना मिळे, आणि खरकटे चुलीपासून दूर राही. ओट्याशेजारी उष्टी भांडी नकोत, असे घरातील वडील माणसे म्हणतात, तेव्हा तरुण मंडळींनी हसण्याचे कारण नाही. शिजते अन्न आणि खरकटे यांचा शेजार आरोग्याच्या दृष्टीनेही वाईटच. यास्तव सिंक शेगडीपासून शक्य तितके दूर, ओट्याच्या टोकास, बाहेरच्या भिंतीलगत घ्यावे. वडिलांचे समाधान होते आणि नळीची वाटही आखूड होते.

दुसरा विचार उंचीचा. ओटा कोपराच्या खाली सुमारे १० सेंटिमीटर असावा, असा साधारण संकेत आहे. पण भांडी घासणारा हात सिंकच्या काठावर नव्हे, तळाशी चालतो. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ओटा साधारण ८५ सेंटिमीटरवर येतो. त्यात १० इंच खोल सिंक बसविले, तर गुडघ्यांचे दुखणे कमरेत आले एवढेच! सात-आठ इंच खोली पुष्कळ झाली. घरात जिला किंवा ज्याला तेथे सर्वांत अधिक वेळ उभे राहावयाचे, त्याच व्यक्तीच्या कोपराचे माप घ्यावे.

सिंकखालच्या बाकदार नळीस प्लंबर ‘ट्रॅप’ म्हणतात. तिच्या बाकात सुमारे ५० मिलिमीटर पाणी सदैव अडून राहते आणि गटारातील दुर्गंधी व झुरळे यांस तेच पाणी थोपविते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घर महिनाभर बंद राहिले तर हे पाणी आटून जाते. परत आल्याबरोबर प्रथम तांब्याभर पाणी सिंकमध्ये ओतावे. ट्रॅपपुढील नळीस दर फुटास पाव इंच उतार द्यावा. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत पुरलेल्या नळीचे सांधे निखळण्याची भीती असते, म्हणून बाहेरचा सांधा उघडून पाहता येईल असा ठेवावा.

आता कपाट. २४ इंच लांब, १८ इंच रुंद व ८ इंच खोल सिंक काठोकाठ भरले, तर त्यात सुमारे ५६ लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. हा भार पातळ फळीवर न टाकता ओट्याच्या दगडावर किंवा भक्कम चौकटीवर घ्यावा. लाकूडकामास आयएस ७१० असा छाप असलेले प्लायवुड घ्यावे आणि कापलेल्या सर्व कडा बंद करून घ्याव्यात. ओल व वाळवी कडांतूनच शिरते. कपाट जमिनीपासून चार इंच उचललेले असावे आणि ट्रॅपपर्यंत हात सहज पोहोचावा.

भांड्याच्या पोलादाविषयी एक शब्द. शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारे पोलाद प्रचारात आणले. सिंकसाठी घेतल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. तरीही क्षार त्यास टोचे पाडतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-भातकुलीकडे, ज्यांची लेकीसुनांची घरे आहेत त्यांनी सिंक रात्री कोरड्या फडक्याने पुसण्याची शिस्त अवश्य पाळावी.

शेवटी, कारागिराचा हिशेब चुकता करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. सिंक काठोकाठ भरावे, कपाटात सांध्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि बूच एकदम काढावे. कागद कोरडा राहिला तर काम चोख. एक थेंब दिसला तरी सांधा पुन्हा उघडावयास लावावा. इतके झाले म्हणजे कपाटाचा रंग मुलीबाळींनी खुशाल आपल्या आवडीने निवडावा.