विद्यार्थी-व्हिसाची मुदत व त्यानंतरचे परदेशवास्तव्य

आमच्या बालाघाट जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांतून पूर्वी मुले शिक्षणासाठी जबलपूर, नागपूर, फार तर मुंबई-पुण्यास जात. आता त्याच घरांतून टोरांटो, मँचेस्टर व टेक्सास ही नावे गोंदिया-वारासिवनीइतक्या सहजतेने ऐकू येतात. परदेशी जाताना काय काय लागते, हे आज बहुतेकांस ठाऊक झाले आहे. परंतु शिक्षण पुरे झाल्यावर तेथे आणखी काही काळ राहावयाचे झाल्यास काय करावे लागते, याविषयी मात्र पुष्कळ घरांत संभ्रम आढळतो. आमच्या पेढीवर येणारे स्नेही हा प्रश्न वारंवार काढतात, म्हणून मिळविलेली माहिती सभासद बंधुभगिनींपुढे क्रमवार मांडीत आहोत.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. व्हिसा आणि वास्तव्याची परवानगी या दोन गोष्टी सर्वत्र एकच नसतात. मंडीच्या फाटकावर मिळणारी चिठ्ठी गाडीला आत येऊ देते. पण माल गोदामात किती दिवस राहील, हे गोदामाच्या पावतीवर ठरते. अमेरिकेत नेमके असेच आहे. भारतीय विद्यार्थ्याच्या पासपोर्टवर बहुधा पाच वर्षांचा व्हिसा असतो, आणि तो पाहून वडील म्हणतात, "पाच वर्षांची निश्चिंती झाली!" वस्तुतः तो शिक्का केवळ प्रवेशापुरता असतो. राहण्याचा हक्क कॉलेजने दिलेल्या 'आय-२०' या कागदावर व प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर अवलंबून असतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपला, तर शिक्क्यावरील उरलेली तीन वर्षे राहण्याच्या कामी येत नाहीत.

दुसरी गोष्ट अशी की मुदत आपोआप वाढत नाही, आणि ती मागावयाची असते ती संपण्यापूर्वी. मुद्दती हुंडी पिकण्याच्या आधी जो सावकाराकडे जातो, त्याचे बोलणे ऐकले जाते. पिकल्यानंतर जाणाऱ्याची पत गेलेली असते. ई-वे बिलाचीही मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास व नंतरचे आठ तास एवढ्याच अवधीत वाढविता येते. परदेशी सरकारांचे गणित याहून निराळे नाही. मात्र प्रत्येक देशाची घटका वेगळी आहे.

अमेरिकेत अभ्यासक्रम संपल्यावर निघण्याच्या तयारीसाठी ६० दिवस देण्याची रीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारने हा अवधी ३० दिवसांवर आणण्याचा व एकंदर वास्तव्यास ठराविक मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून ताजा नियम कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातच विचारून घ्यावा. शिकलेल्या विषयात काम करण्यासाठी 'ओपीटी' नावाची बारा महिन्यांची सवलत मिळते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांना तीत आणखी २४ महिन्यांची भर घालता येते. तिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्यापूर्वी ९० दिवसांपासून करता येतो. तो शेवटच्या दिवसांवर ठेवणे शहाणपणाचे नव्हे. पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे एकूण ९० दिवस भरले की सवलतीचा भंग होतो. पुढील 'एच-१बी' व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा अधिक आहेत. उमेदवार याहून फार अधिक असल्याने निवडीची पद्धत ठेवावी लागते. सप्टेंबर २०२५ पासून तेथील शुल्काचे व निवडीचे नियम झपाट्याने बदलले आहेत. सारांश, या वाटेवर गुणवत्तेइतकाच दैवाचाही भाग आहे.

ब्रिटनमध्ये १ जुलै २०२१ पासून 'ग्रॅज्युएट रूट' सुरू झाला. त्याने पदवीधरास दोन वर्षे व डॉक्टरेट मिळविणाऱ्यास तीन वर्षे राहून काम करता येते. मात्र १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच देण्याचे ठरले आहे. अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच, विद्यार्थी-व्हिसा जिवंत असताना आणि विद्यापीठाने अभ्यास पुरा झाल्याचे सरकारला कळविल्यानंतर करावा लागतो. वेळेत अर्ज केल्यास निकाल लागेपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर राहते. परंतु त्या अवधीत बहिणीच्या लग्नासाठी म्हणून मुलगा घरी आला, तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते. तेव्हा लग्नाची तिथी काढताना हेही पंचांग पाहावे! खर्चाचाही विचार हवा: शुल्काव्यतिरिक्त दरसाल १,०३५ पौंड आरोग्य-अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला, आणि तो सबंध मुदतीचा एकदम भरावा लागतो. हा व्हिसा एकदाच मिळतो; तो वाढविता येत नाही.

कॅनडात पात्र संस्थेतील पदवीधरास अभ्यासक्रमाच्या कालावधीप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो. तोही आयुष्यात एकदाच. अभ्यास पुरा झाल्यापासून १८० दिवसांत त्यासाठी अर्ज करावयाचा असतो. येथे एक खाच आहे. शिक्षणाच्या परवान्यावर पुढची तारीख छापलेली असली, तरी अभ्यास संपल्यापासून ९० दिवसांनी तो परवाना निरुपयोगी होतो. आमच्या माहितीतील एका कुटुंबातील मुलाने छापील तारखेवर भिस्त ठेवली. ९० दिवस उलटून गेल्यावर त्यास हक्क पूर्ववत् मिळविण्याचा निराळा अर्ज करावा लागला, हातची नोकरी थांबवावी लागली, आणि ऐन धानखरेदीच्या हंगामात वडिलांना येथून खर्चाचे पैसे पाठवावे लागले. मुलगा हुशार होता, कागदही खरे होते. एक तारीख तेवढी चुकली.

जर्मनीत तेथील पदवी घेतलेल्यास नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंत राहता येते. त्यासाठीही आधीचा परवाना संपण्यापूर्वीच परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

आता आडवाटांविषयी. राहण्यासाठी म्हणून नाममात्र एखाद्या कॉलेजात नाव घालावे, वर्गात जाऊ नये व बाहेर काम करावे, असा सल्ला देणारे दलाल पुष्कळ आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाची एक संस्था होती. तिच्यात वर्ग नव्हते, शिक्षकही नव्हते. कारण ती सरकारी खात्यानेच अशा व्यवहाराचा शोध घेण्यासाठी उभी केली होती. जानेवारी २०१९ मध्ये तेथे नाव घातलेल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले, आणि ते जवळजवळ सर्व भारतीय होते. विद्यार्थी गोळा करून देणाऱ्या आठ जणांवर खटले झाले. मुलांनी शुल्क भरले होते, आईबापांनी कर्जे काढली होती. हाती मात्र ना विद्या आली, ना वास्तव्य.

मुदत उलटूनही गुपचूप राहण्याचा मार्ग तर याहून घातक आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे बेकायदा वास्तव्याचे १८० हून अधिक दिवस भरल्यावर देश सोडणाऱ्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक भरल्यास दहा वर्षे पुनः प्रवेश मिळत नाही. पंचविशीतील मुलाची दहा वर्षे म्हणजे त्याचा उमेदीचा सारा काळच होय.

घरी बसून वडीलधाऱ्यांनी काय करावे? मुलाच्या परवान्याची, अभ्यासक्रमाची व पासपोर्टची अशा तीन तारखा आपल्या वहीत लिहून ठेवाव्यात. कॅनडाचा कामाचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही, म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण आधी करून घ्यावे. चौथी तारीख बँकेची. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. मुलाचे वास्तव्य वाढले म्हणून बँक थांबत नाही. साडेसात लाखांवरील कर्जास बहुधा घर वा गोदाम तारण असते. म्हणून जाण्यापूर्वीच हिशेब असा मांडावा की मुलगा पदवी घेऊन लगेच परतला तरी कर्ज फिटावे. जो हिशेब परदेशी नोकरी गृहीत धरूनच जुळतो, तो हिशेब नव्हे, तो सट्टा होय.

याच कारणाने एक वाक्य घरातून कधीही निघू नये: "कसेही करून तेथेच राहा." दलालाच्या दारी मुलगा पुष्कळदा या वाक्यामुळेच जातो. शेजारी काय म्हणतील, सोयरीक कशी जुळेल, या चिंता आपल्या असतात. पण ओझे तो वाहतो.

मुदत संपताच परतणे म्हणजे पराभव नव्हे, हे सांगणारा थोर दाखला आपल्याच भाषेच्या मुलुखात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१६ साली लंडनला पोहोचले. ब्रिटिश प्रजाजनास तेव्हा लंडनमध्ये राहण्यासाठी आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. मुदत होती ती शिष्यवृत्तीची. ती संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, काही साहाय्य मिळविले, आणि १९२० साली ते पुनः लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. व १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी घेतल्या. ते परवानगी घेऊन निघाले होते, म्हणून त्यांची वाट खुली राहिली.

आमच्या तरुणांनी परदेशी अवश्य जावे, आणि नियमाने राहता येईल तेवढे अवश्य राहावे. मात्र कोणतेही पाऊल उचलण्यापूर्वी विद्यापीठाच्या कार्यालयाचा व त्या त्या सरकारच्या अधिकृत सूचनांचा आधार घ्यावा. नियम दरवर्षी बदलतात; आमचा हा लेखही पुढील वर्षी जुना होईल. परंतु वेळेवर मागणे आणि वेळ संपताच उठणे, ही जी पेढीवरची जुनी शिस्त आपण मुलांना दिली आहे, ती कोणत्याही देशात जुनी होणार नाही.